जॅनिस जॉप्लिनची ‘पर्ल’ : एका पेटीवाल्याचं मत

मी कुडाळच्या बाजूला भजनाच्या बाऱ्यांना पेटी वाजवतो. ब्लूज-रॉकवर, म्हणजे ब्लूज आणि रॉक मिसळलेल्या अमेरिकन गाण्यावर, बोलायचा अधिकार मला किती, ते तुम्ही ठरवा. पण डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, पहाटेपर्यंत ताणलेले बुवांचे घसे मी हातभर अंतरावरून ऐकलेत. अमेरिकन गायिका जॅनिस जॉप्लिन नुसती ओरडते म्हणणाऱ्यांनी तिची ‘पर्ल’ ही रेकॉर्ड धड ऐकलेलीच नाही. खरखर कुठे लावायची नि कुठे काढून घ्यायची, हे बाईला पक्कं ठाऊक आहे. ‘क्राय बेबी’ सुरू होतं तेच किंकाळीनं. मग मधेच ती चक्क बोलायला लागते, आणि साथ खाली येऊन तिची वाट बघत राहते. असं थांबणं वाजवण्याहून कठीण!

म्हणूनच ‘फुल टिल्ट बूगी’ या तिच्या इथल्या बँडच्या मंडळींना माझे पैकीच्या पैकी, त्यातही ऑर्गनवाल्या केन पिअर्सनला. 1968 च्या ‘चीप थ्रिल्स’ या रेकॉर्डमध्ये तिचा आधीचा बँड आहे. तिथल्या गिटारी तिच्या अंगावर येतात. चाहते रागावतील, पण मला ती रेकॉर्ड दमवते.

‘मी अँड बॉबी मॅकगी’ पेटीच्या पांढरी पाच या सुरात उचललंय आणि मधेच पांढरी सहात चढवलंय. भाच्याला वाटलं, मशीनचा वेग वाढला. क्रिस क्रिस्टॉफरसनचं हे गाणं 1971 मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. तोवर ती राहिली नव्हती. 4 ऑक्टोबर 1970 ला, वयाच्या 27 व्या वर्षी, लॉस एंजेलिसच्या हॉटेलात हेरॉइननं तिचा जीव घेतला.

गाणी फोनवरही आहेत, मग रेकॉर्ड कशाला? पहिल्या बाजूच्या शेवटच्या गाण्यासाठी. ‘बरीड अलाइव्ह इन द ब्लूज’चं वाजवणं झालं होतं, दुसऱ्या दिवशी ती गाणार होती. निर्माता पॉल रॉथचाइल्डनं ते तिच्या आवाजाविना तसंच ठेवलं. बँड जोरात वाजवतोय, गाणारी नाही, आणि बाजू संपते. उठून तबकडी पलटावी लागते. फोनवर लगेच पुढचं सुरू होतं, ही जागाच राहत नाही. दुसऱ्या बाजूला ‘मर्सिडीज बेंझ’ आहे, 1 ऑक्टोबरचं, एकाही वाद्याशिवाय, दोन मिनिटांच्या आत संपणारं. शेवटी ती खुदकन हसते.

आता वस्तूबद्दल. भाच्यानं मुंबईहून आणलेली ही नवी छपाई आहे. आवाज भरदार, तबकडी सपाट, कुठे चरचर नाही. आतलं पाकीट मात्र साध्या कागदाचं. आमच्याकडे आषाढात चपलांना बुरशी येते, तिथे हे काय टिकणार? प्लास्टिकचं पाकीट वेगळं घ्या, रेकॉर्ड उभी ठेवा आणि ओल्या भिंतीपासून लांब.

जॅनिसची माहिती देणारं पान आत नाही, हे जास्त खटकलं. टेक्ससमधल्या पोर्ट आर्थरची ही मुलगी ज्यांना ऐकून गायला शिकली, त्यांतली एक ब्लूज गायिका बेसी स्मिथ. बेसी 1937 मध्ये गेली आणि कितीतरी वर्षं तिच्या कबरीवर दगडही नव्हता. तो 1970 च्या ऑगस्टमध्ये बसला. त्याच्या खर्चात जॅनिसचा वाटा होता. दोन महिन्यांत ती स्वतःच गेली. एवढं छापायला कितीसा कागद लागला असता?

पाचपैकी चार तारे. पाचवा पाकिटापायी कापला.