कपाटातली ओल शोषणारे डबे: गोव्याच्या पावसाळ्यात कितपत कामाचे?

जून ते सप्टेंबर गोव्यात कपाट उघडलं की कुबट वास आणि चपलांवर पांढरी बुरशी ठरलेली. त्यावर मिळणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे खरंच उपयोगी आहेत, पण नीट वापरले तरच.

डब्यावरचं वरचं चंदेरी सील काढायचं. त्याखालचा पांढरा कागद मात्र फाडायचा नाही. वाफ त्यातूनच आत जाते, आणि डबा कलंडला तर पाणी काही काळ तरी तोच अडवतो. दाणे ओल ओढून विरघळतात, खालच्या कप्प्यात खारं पाणी साठतं. हे पाणी फार वाईट! चामड्यावर पडलं तर चामडं आकसतं, रेशमावर डाग राहतो, बिजागऱ्या गंजतात. म्हणून डबा तळाच्या कोपऱ्यात, सपाट जागी ठेवा. लटकवायची पिशवी घेतलीत तर ती पैठणीला टेकू देऊ नका.

दाणे संपले की डबा बाद. पाणी मोरीत भरपूर पाण्यासोबत ओता, माडाच्या किंवा तुळशीच्या मुळाशी नको.

उघड्या खोलीत हे डबे म्हणजे पैसे वाया. दार घट्ट लागणारं कपाटच हवं. दमट कपडे आत कोंबले तर दाणे झपाट्याने संपतात. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट आधी चार बोटं पुढे ओढा. कॅमेरा, दाखले यांच्यासाठी मात्र सिलिका जेलच बरं: त्यातून पाणी गळत नाही आणि तापवून पुन्हा वापरता येतं.