तडतडणारा गिटार अ‍ॅम्प: आधी व्हॉल्व्ह बदलावा की रेझिस्टर?

व्हॉल्व्हवर (काचेच्या ट्यूबवर) चालणारा गिटार अ‍ॅम्प तडतडू लागला की दोन सल्ले हमखास मिळतात: ‘सगळे व्हॉल्व्ह बदलून टाक’ आणि ‘प्लेट रेझिस्टर (व्हॉल्व्हच्या प्लेटला वीज पोचवणारा रेझिस्टर) गेलाय, उघडून घे’. दोन्ही बरोबर असू शकतात, पण दोन्हींतला खर्च आणि धोका वेगळा. उदाहरणाला फेंडरचा डीलक्स रिव्हर्ब घेऊ: २२ वॅट, चार १२एएक्स७ आणि दोन १२एटी७ हे छोटे व्हॉल्व्ह, स्पीकरला ताकद देणारे दोन ६व्ही६ आणि एसीचा डीसी करणारा एक रेक्टिफायर.

व्हॉल्व्हचं पारडं सुरुवातीलाच जड आहे, कारण तो तपासायला चॅसी (सर्किट असलेली धातूची पेटी) काढावी लागत नाही. डीलक्समध्ये तर सुटा व्हॉल्व्ह घरचाच मिळतो. बहुतेक जण व्हायब्रेटो चॅनलच वापरतात, त्यामुळे नॉर्मल चॅनलचा व्ही१ (म्हणजे पहिल्या जागेवरचा व्हॉल्व्ह; व्ही२, व्ही४ तसेच) बसून असतो. अ‍ॅम्प बंद करा, व्हॉल्व्ह थंड होऊ द्या आणि व्ही१ आधी व्ही२ च्या, मग व्ही४ च्या जागी लावून पाहा. तिन्ही १२एएक्स७ च आहेत.

यात एक फसगत असते. व्हॉल्व्ह काढघाल करताना पिना सॉकेटमध्ये घासल्या जातात आणि तेवढ्यानेच आवाज थांबू शकतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत अ‍ॅम्प पावसाळाभर पडून राहिला असेल तर ही शक्यता आणखी वाढते. म्हणून आवाज थांबला तरी जुना व्हॉल्व्ह परत लावून बघा. तडतड परतली तर व्हॉल्व्ह दोषी. परतली नाही तर सॉकेट साफ करून घ्या, पैसे वाचले. पेन्सिलच्या रबरी टोकाने व्हॉल्व्हवर हलकेच टिचकी मारल्यावर टणटण किंवा कडकड झाली, तर संशय व्हॉल्व्ह किंवा त्याच्या सॉकेटवरच.

रेझिस्टरचा आवाज कुणी हात न लावता येतो: तापलेल्या तेलात मोहरी पडावी तसा, अनियमित, आणि बऱ्याचदा अ‍ॅम्प गरम झाल्यावर. साठच्या दशकातल्या मूळ अ‍ॅम्पमधले १०० किलोओहमचे कार्बन कॉम्पोझिशन प्लेट रेझिस्टर यासाठी कुप्रसिद्ध आहेत. वर्षानुवर्षं त्यांच्यावर उच्च व्होल्टेज असतं, शिवाय ते ओलावाही शोषतात. व्हॉल्व्ह बदलूनही तडतड जशीच्या तशी राहिली तर याच दिशेने बघायचं. भाग काही रुपयांचा, खर्च सगळा कारागिराच्या हाताचा. जुन्या आवाजाच्या मोहापायी तिथे पुन्हा कार्बन कॉम्पोझिशन लावायला सांगू नका, एक वॅटचा मेटल फिल्म लावून घ्या.

दोन्हींच्या आधी बिघाड कुठल्या टप्प्यात आहे ते शोधा. केबल काढूनही तडतड चालूच असेल तर दोष गिटारचा नाही. व्हायब्रेटो चॅनलचा व्हॉल्यूम शून्यावर आणल्यावर आवाज गेला, तर पहिला टप्पा, म्हणजे व्ही२ चा पहिला अर्धा भाग आणि त्याचा रेझिस्टर. फक्त रिव्हर्ब शून्यावर आणून गेला तर रिव्हर्बचं सर्किट. कशानेच फरक पडला नाही, तर बंद करून, थंड झाल्यावर व्ही६ (सहाव्या जागेवरचा १२एटी७, ६व्ही६ नव्हे) काढा आणि स्पीकर जोडलेला ठेवूनच पुन्हा चालू करा. शांतता झाली तर दोष व्ही६ मध्ये किंवा त्याच्या आधी. तडतड तशीच असेल तर ६व्ही६, त्यांची सॉकेट्स किंवा पॉवर सप्लाय.

फक्त बटण फिरवतानाच खरखर होत असेल तर पॉट (बटणामागचा फिरता रेझिस्टर) मळलाय, क्लीनरने भागेल. मात्र साफ केल्यावर काही दिवसांत ती परत आली, तर आधीच्या कपॅसिटरमधून पॉटवर डीसी गळत असण्याची शक्यता जास्त. मग क्लीनरच्या बाटल्या संपवण्यात अर्थ नाही.

माझं मत: आख्खा सेट मागवू नका. एक चांगला १२एएक्स७ घ्या, तो नंतर सुटा भाग म्हणूनही कामी येतो. त्याने भागलं नाही तर अ‍ॅम्प कारागिराकडे न्या आणि वरच्या चाचण्यांत काय झालं ते सांगा, त्याचा वेळ आणि तुमचं बिल दोन्ही कमी होतील. चॅसी स्वतः उघडायच्या फंदात पडू नका. आत ४०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो धरून ठेवू शकतात.

६व्ही६ ची प्लेट लालभडक दिसली तर मात्र एकही चाचणी करत बसू नका, अ‍ॅम्प ताबडतोब बंद करा. तिथे बायस (व्हॉल्व्हमधून किती प्रवाह वाहील ते ठरवणारं व्होल्टेज) तपासल्याशिवाय नवी जोडी लावली तर तीही जळेल.