भजनाच्या हॉलात हवेचं मीटर: पैसे वसूल, पण बघून घ्या

आमचं महिला भजनी मंडळ शहापूरचं, बेळगाव. कोविडात भजन मोबाईलवर गेलं, पुढं परत देवळामागच्या हॉलात आलं. या परत येण्यात सगळ्यात कामी आलेली वस्तू म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड मोजणारं मीटर. ऑनलाइन मागवलं, साडेचार हजारांच्या आसपास पडलं, मंडळाच्या वर्गणीतून दिले.

मोबाईलवर चाल शिकवता येते, एकत्र गाता येत नाही. आवाज पोचायला किंचित उशीर होतो आणि ठेका मोडतो. म्हणून एकीनं म्हणायचं, बाकीच्यांनी माइक बंद करून घरात म्हणायचं. शिवाय ही ॲप गोंगाट समजून टाळच गिळतात! झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू केलं तेव्हा कुठं टाळ ऐकू आले. फुकट खात्यात ४० मिनिटं, म्हणजे गजर रंगात यायला आणि मीटिंग संपायला एकच गाठ. पण २०२१ मध्ये महाराष्ट्रातून कर्नाटकात शिरताना लागणाऱ्या कोगनोळी नाक्यावर ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर रिपोर्ट मागायचे, तेव्हा कोल्हापूरकडच्या आमच्या बायकांना दुसरी वाटच नव्हती.

परत जमायचं ठरलं तेव्हा भीती गाण्याचीच होती. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका गायनवृंदाच्या सरावाला ६१ जण होते, त्यातले ५३ आजारी पडले, दोघे दगावले. मोठ्यानं गाताना तोंडातून बारीक तुषार बोलण्यापेक्षा जास्त बाहेर पडतात, आणि कोंदट खोलीत ते तरंगत राहतात. आमच्यात निम्म्या साठीच्या पुढच्या.

मीटर विषाणू दाखवत नाही, हे आधी समजून घ्या. आपण सोडलेला श्वास खोलीत किती साठलाय तेवढं ते सांगतं. बाहेर आकडा ४२० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भागांच्या, जवळपास असतो. आम्ही वीसेक जणी, पावसाची झड म्हणून खिडक्या लावलेल्या, वर पंखे गरगर फिरतायत, आणि अर्ध्या तासात आकडा १९०० च्या पुढं! पंखा तीच हवा घुसळतो, बाहेरची आणत नाही. साध्या स्प्लिट एसीचंही तेच. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या, मागचा एक्झॉस्ट लावला, तर चहा होईपर्यंत ९०० च्या खाली. आता आम्ही ८०० च्या आसपास ठेवायला बघतो, १२०० झालं की गजर थांबवून दारं सताड.

खरा फायदा वेगळाच झाला. खिडकीवरून होणारी भांडणं मिटली. पूर्वी एक म्हणायची वारं लागतंय, गुडघे धरलेत. दुसरी म्हणायची जीव कोंडतोय. आता कोणी कोणाचं ऐकत नाही, आकड्याचं ऐकतात. पेटीवाल्या काकू तर मध्येच विचारतात, "आक्का, तुमचं यंत्र काय म्हणालंय?" गुडघेवालीला आतल्या भिंतीची जागा दिली, शाल दिली, विषय संपला.

घेताना खोक्यावर 'एनडीआयआर' (NDIR) सेन्सर, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशानं खुद्द कार्बन डाय-ऑक्साइडच मोजणारा, लिहिलाय का बघा. माझ्या पुतण्यानं दुसरीकडून आणलेलं स्वस्तातलं मीटर सॅनिटायझर लावलेला हात जवळ नेला की सरळ लाल व्हायचं. ते कार्बन डाय-ऑक्साइड मोजतच नव्हतं, भलत्याच वाफेवरून अंदाज बांधत होतं. असलं फुकट मिळालं तरी नको.

खोड्या आमच्याही मीटरच्या आहेत. खिडकीशी ठेवलं तर खोटं समाधान, गाणारीच्या तोंडासमोर किंवा समईजवळ ठेवलं तर उगाच घबराट. आम्ही मधल्या खांबाला बसल्या उंचीवर अडकवतो. मीटरचा आकडा हळूहळू चुकायला लागतो, म्हणून आठवड्यातून एकदा ते कट्ट्यावर मोकळ्या हवेत ठेवावं लागतं, म्हणजे ते ताळ्यावर येतं. बीप इतकी कर्कश की पखवाज परवडला. ती पहिल्याच दिवशी बंद केली. आणि मीटर हिरवं आहे म्हणून खोकत येणारीला आम्ही आत घेत नाही. तिनं घरी बसून मोबाईलवर ऐकायचं. सीमेवरच्या शिनोळीच्या पलीकडून येणाऱ्या दोघींना कधी जमलं नाही तर त्यांच्यासाठी फोन स्टँडवर लावलेलाच असतो, त्यात तिचीही सोय होते.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो बॅटरीसाठी: एका बैठकीतच मान टाकते. हळदीकुंकवाला, भिशीला बायका मीटर मागून नेतात, त्यांना मी चार्जरसकटच देते.