परत आलेली लेन्स माझी नव्हती

पार्सल उघडलं आणि आधी खटकला तो वास. माझ्या कॅमेऱ्याच्या लेन्सा ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात असतात. हिला बंद कपाटाचा कुबट वास येत होता. मागून टॉर्च धरला तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी फंगस पसरलेली. मॉडेल तेच, कड्यावरची अक्षरं तीच, पण लेन्स माझी नव्हती.

जुन्या मॅन्युअल फोकसच्या, म्हणजे कडं हाताने फिरवून फोकस करायच्या लेन्सा मी ऑनलाइन लिलावात विकते. धंदा बरा चालला होता, म्हणजे इतका बरा की लोक मला सल्ले विचारायला लागले होते आणि मी ते द्यायलाही लागले होते. पैसे जमा झाल्याची खोटी ईमेल, जास्तीचे पैसे पाठवून फरक परत मागणारे, रिकामा खोका परत करणारे हे सगळे प्रकार मला तोंडपाठ होते. त्यामुळे मी फसणार नाही, अशी माझी खात्रीच होती.

त्या लेन्सचा लिलाव मी नेहमीसारखा कमी रकमेपासून सुरू केला. आमच्या धंद्यात किंमत एकट्या हौशी माणसामुळे चढत नाही, दोन हौशी लागतात. बोली लावणारा आपली कमाल रक्कम गुपचूप नोंदवून ठेवतो आणि साइट त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. जिंकणारा भरतो ती दुसऱ्या नंबरच्याच्या कमाल रकमेहून जेमतेम एक पायरी जास्त. अशा लिलावामागचं गणित विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली मांडलं आणि १९९६ साली त्याला नोबेल मिळालं. (आडनाव खरंच विक्री, मी काही जुळवलेलं नाही.) त्याचं म्हणणं असं, की अशा लिलावात वस्तूची आपल्या लेखी जी खरी किंमत असेल तीच बोली लावण्यात शहाणपण आहे.

हे खरं, पण पैसे खरोखर द्यायचे असतील तर. ज्याला पैसे परतच घ्यायचे आहेत, त्याला कमाल रक्कम कितीही टाकता येते. शेवटच्या मिनिटाला माझ्या लेन्सची बोली नेहमीच्या भावाच्या बरीच वर गेली आणि मी खुर्चीतून उठून नाचायची तेवढी राहिले. आज वाटतं, तिथेच थांबून त्या माणसाचं खातं नीट बघायला हवं होतं. बघितलं नाही असं नाही. शेरे सगळे चांगले होते, पण ते सगळे किरकोळ वस्तूंच्या खरेदीचे. शिवाय खरेदीदाराच्या चांगल्या शेऱ्यांना अर्थ तरी किती? ईबे या लिलावाच्या साइटने २००८ साली विक्रेत्यांना खरेदीदारांबद्दल वाईट शेरा लिहायची सोयच बंद केली, कारण विक्रेते वाईट शेऱ्याचा सूड वाईट शेऱ्याने उगवत होते. कारण योग्यच होतं, पण त्यामुळे खरेदीदाराची पाटी कायम कोरी दिसते. मी विकते त्या साइटवरही तोच नियम आहे.

लेन्स पोचल्यावर तिसऱ्या दिवशी मेसेज आला. अतिशय गोड भाषा. ‘तुमची चूक नसेलही, पण आत फंगस आहे. मला तक्रार वाढवायची नाही. आज रिफंड दिलात तर मी चांगलाच शेरा देईन.’ सोबत फोटो होता, त्यात फंगस स्पष्ट दिसत होती.

माझ्या खात्यावर तोवर एकही वाईट शेरा नव्हता. चांगल्या शेऱ्यांचे ते शंभर टक्के मी एखाद्या तान्ह्या बाळासारखे जपत होते, आणि त्या माणसाने नेमकं तिथेच बोट ठेवलं. त्याने परतीच्या पार्सलचा ट्रॅकिंग नंबर पाठवला आणि मी पार्सल हातात यायच्या आधीच रिफंड देऊन टाकला. साइटने सांगितलं नव्हतं, कुणी भाग पाडलं नव्हतं, माझ्याच बोटाने बटण दाबलं.

लेन्स बदललेली दिसल्यावर मी साइटकडे तक्रार केली. सिरीयल नंबर जुळत नाही, एवढं दाखवलं की झालं, असं वाटत होतं. आणि इथे माझं पितळ उघडं पडलं. त्याच मॉडेलची एक लेन्स मी आधी विकली होती, तिचे फोटो सुरेख आले होते, म्हणून आळसाने तेच फोटो या लिलावाला चिकटवले होते. फोटोत दिसत होता पहिल्या लेन्सचा नंबर. मी पाठवली दुसरी, परत आली तिसरी. मी पाठवलेल्या लेन्सच्या नंबरचा पुरावा माझ्याकडे एकच होता, माझ्या वहीतली पेन्सिलची नोंद. पॅकिंगचा फोटो काढला होता, तो टेप लावलेल्या खोक्याचा. कुरियरच्या पावतीवरचं वजनही उपयोगाचं नव्हतं. खोक्यात वीट भरून परत आली असती तर वजनाने पकडता आली असती, पण एकाच मॉडेलच्या दोन लेन्सांचं वजन तेच असणार.

साइटचं उत्तर चार ओळींचं होतं. वस्तू जाहिरातीतल्या फोटोंशी जुळत नव्हती, रिफंड विक्रेत्याने स्वखुशीने दिला आहे, अपील करायचं तर तीस दिवसांत नवा पुरावा द्या. राग त्यांचा नाही आला. त्यांच्या जागी मी असते तर हेच लिहिलं असतं.

आता प्रत्येक वस्तूचे फोटो तिचेच असतात आणि पहिला फोटो सिरीयल नंबरचा. पॅकिंगचा व्हिडिओ एका दमात काढते: नंबर, टॉर्चच्या उजेडातली काच, खोका, टेप, पत्त्याचं लेबल, मध्ये कुठेही कट नाही. माउंटच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायच्या कड्याच्या, एका स्क्रूवर अल्ट्राव्हायोलेट पेनाचा ठिपका देते, साध्या उजेडात तो दिसत नाही. रिफंडचं बोलणं साइटच्या मेसेजमध्येच, आणि पार्सल उघडून ठिपका बघितल्याशिवाय रिफंड नाही. यात प्रत्येक वस्तूमागे वेळ जातो. शिवाय तीन वाईट शेरे पडलेत, त्यातला एक तर माझ्याच उशिरामुळे, रास्त.

ती फंगसवाली लेन्स बरेच दिवस टेबलावर पडून होती. शेवटी ‘सुट्या भागांसाठी, आतून खराब’ असं स्वच्छ लिहून लिलावाला लावली, पहिला फोटो अर्थातच नंबरचा. दुसऱ्या दिवशी एका अनोळखी विक्रेत्याचा मेसेज आला: ही लेन्स तुमच्याकडे कशी आली? याच नंबरची मी काही महिन्यांपूर्वी फंगस आहे असं सांगून स्वस्तात विकली होती. त्याने खरेदीदाराच्या खात्याचं नाव पाठवलं. ते नाव मला पाठ होतं.

मी कॅलेंडर बघितलं. अपिलाची मुदत संपून नऊ दिवस झाले होते.