माहीम रेतीबंदर ते सीएसएमटी: मुंबईच्या अर्धमॅरेथॉनविषयी

वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये वाहतुकीसाठी खुला झाला, तेव्हापासून या ५.६ किलोमीटरच्या पुलावर पादचाऱ्यांना आणि दुचाकींना मज्जाव आहे. मुंबई मॅरेथॉनच्या रविवारी मात्र हाच पूल पहाटेच्या काळोखात हजारो धावपटूंच्या स्वाधीन केला जातो, आणि नोंदणीचे शुल्क भरताना आपण खरे पाहता त्या अर्ध्या-पाऊण तासाचे पैसे मोजत असतो, असे माझे तीन वेळा धावल्यानंतरचे मत आहे. बाकीचा मार्गही चांगला आहे, पण त्याची बस किंवा टॅक्सीच्या खिडकीतून आपली ओळख असते. सेतूची तशी ओळख पायांना कधीच नसते.

ही स्पर्धा फेब्रुवारी २००४ मध्ये सुरू झाली आणि २००५ पासून जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होत आली आहे. पूर्वी ती स्टँडर्ड चार्टर्डच्या नावाने ओळखली जात असे, २०१८ पासून टाटांच्या नावाने ओळखली जाते; करोनामुळे २०२१ आणि २०२२ चे जानेवारी सुने गेले आणि २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. पूर्ण मॅरेथॉन, दहा किलोमीटर, हौशी मंडळींची ड्रीम रन असे तिचे अनेक प्रकार असले तरी हा मजकूर केवळ २१.०९७ किलोमीटरच्या अर्धमॅरेथॉनपुरता आहे. पूर्ण मॅरेथॉन सीएसएमटीहून निघून तिथेच परत येते. अर्धमॅरेथॉन मात्र माहीमला सुरू होऊन सीएसएमटीला संपते, त्यामुळे एकाही रस्त्यावर पुन्हा उलट यावे लागत नाही. माझ्यासारख्या चटकन कंटाळणाऱ्या धावपटूला हे फार मोलाचे वाटते.

शर्यतीला पहाटे पाचच्या सुमारास प्रारंभ होत असल्याने आदली रात्र जवळजवळ जागूनच काढावी लागते. डोंबिवलीहून निघणाऱ्यांसाठी रेल्वेने सोडलेल्या विशेष लोकल हा मोठाच आधार आहे, आणि त्या डब्यातला प्रवास मला शर्यतीइतकाच लक्षात राहिला आहे. कुणी छातीवर बिब, म्हणजे धावपटूच्या क्रमांकाचा कागद, लावताना सेफ्टी पिन बोटात टोचून घेतो, कुणी डब्यातून आणलेला मीठ लावलेला बटाटा शेजाऱ्यापुढे करतो, आणि एरवी चौथ्या सीटसाठी भांडणारी माणसे एकमेकांना बुटांची नाडी कशी बांधावी हे समजावून सांगत असतात. दादरला उतरून पश्चिम रेल्वेने माहीम आणि तिथून रेतीबंदरापर्यंत चालत, असा माझा नेहमीचा क्रम असतो. बिब स्पर्धेच्या दिवशी मिळत नाही, ते आधीच वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात जाऊन घ्यावे लागते. बाहेरगावच्या मंडळींनी रजेचा हिशेब करताना हे विसरू नये.

प्रारंभीचे दोन-तीन किलोमीटर धावण्याचे नसून वाट काढण्याचे असतात. माहीमचा कॉजवे मुळात केवढा आणि माणसे किती, याचा विचार केला तर त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. खरी अडचण सेतूवर चढल्यावर येते, कारण केबलखाली आल्याबरोबर पुढचा माणूस कोणतीही सूचना न देता थबकतो आणि मोबाइल उंच धरतो. छायाचित्र जरूर काढावे, परंतु आधी हात वर करून कडेला सरकावे, एवढी शिस्त आपल्याकडे रुजायला अजून वेळ आहे. हा अडथळा सोडला तर सेतूवरची ती धाव केवळ अद्भुत आहे. वाहनांचा आवाज पूर्णपणे गेलेला असतो, हजारो बुटांची सपसप तेवढी ऐकू येते, डावीकडे वरळी कोळीवाड्याचे दिवे दिसतात आणि वाऱ्याबरोबर सुक्या मासळीचा वास येतो. पहिल्या वर्षी या सगळ्याने मी इतकी हरखून गेले की नेहमीपेक्षा किलोमीटरमागे पाऊण मिनिट वेगाने धावले, आणि त्याची वसुली पुढे पेडर रोडने व्याजासकट केली.

पेडर रोडचा चढ चौदाव्या-पंधराव्या किलोमीटरच्या आसपास लागतो. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढलेल्या माणसाला हा चढ सांगितला तर तो हसेल, कारण उंचीच्या दृष्टीने तो खरोखरच किरकोळ आहे. परंतु घाटात पावसाळी गारवा असतो आणि चढ येणार हे शरीराला पहिल्या पावलापासून ठाऊक असते. इथे वरळी ते हाजी अली सपाट रस्त्याने लाडावलेले पाय अचानक जड होतात, दमट हवेत घाम वाळत नाही आणि नेमके त्याच वेळी उजाडू लागल्याने पुढचा चढ डोळ्यांना दिसायला लागतो. सावकाश, लहान पावले टाकत जसलोक रुग्णालयापर्यंत जावे आणि घड्याळाकडे अजिबात पाहू नये, असा माझा सल्ला आहे. लतादीदींच्या प्रभुकुंजसमोरून जाताना अनेक जण क्षणभर मान वळवतात. दम लागलेला असतानाही एक काका त्यांचे गाणे गुणगुणत होते, सुरात होते असे मात्र म्हणवत नाही.

याच चढावर मुंबईकर सर्वांत अधिक उपयोगी पडतात. अधिकृत पाण्याच्या टेबलांखेरीज सोसायट्यांतील रहिवासी संत्र्याच्या फोडी, चिक्की, ग्लुकोजची बिस्किटे आणि वेदनाशामक स्प्रे घेऊन स्वखुशीने उभे असतात. एका आजींनी स्टीलच्या ताटलीत फोडी मांडल्या होत्या. त्यांतल्या बिया त्यांनी आधीच काढून ठेवल्या होत्या. धावताना बी थुंकत बसणे किती त्रासाचे असते, हे त्यांना कसे उमगले असेल, याचे मला आजही नवल वाटते.

केम्प्स कॉर्नरनंतर उतार आहे आणि मग गिरगाव चौपाटीपासून मरीन ड्राइव्ह. वेळ जुळली तर इथे समोरून पूर्ण मॅरेथॉनचे आघाडीचे आफ्रिकी धावपटू जाताना दिसतात. त्यांच्या टाचा जमिनीला टेकतात की नाही अशी शंका येते. त्यांच्यामुळे आपला वेग मात्र वाढत नाही. मरीन ड्राइव्हची कमान फसवी आहे, शेवट दिसतो पण जवळ येत नाही. म्हणून उरलेले पाणी आणि हिंमत या पट्ट्यासाठी राखून ठेवावी.

सर्वोत्तम वेळ नोंदवणे एवढाच ज्यांचा हेतू आहे, त्यांनी कमी गर्दीची आणि थंड हवेची दुसरी शर्यत निवडावी. इथली गर्दी, दमटपणा आणि पेडर रोड हे तिघे मिळून पाच-सात मिनिटे सहज खातात. पहिलीच अर्धमॅरेथॉन धावणाऱ्याला मात्र मी हीच सुचवेन, फक्त सेतूवर पेसरच्या, म्हणजे ठरावीक वेगाने धावून वाट दाखवणाऱ्याच्या, मागे निमूट राहण्याच्या अटीवर. परतीच्या लोकलमध्ये गळ्यातले पदक पाहून कुणीतरी जागा देतेच, ती संकोच न करता घ्यावी. डोंबिवलीला पुलाचा जिना चढणे जमते. उतरताना मात्र कठडा धरावा लागतो आणि मागच्यांना आधी जाऊ द्यावे लागते.