मुंबई की सुरत? दमट हवेत पायी फिरायला खान्देशातून कुठे जावं

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या माणसाला दोन-तीन दिवस मोकळे मिळाले की समुद्राकडची दोनच मोठी शहरं सोयीची पडतात. भुसावळ-मनमाड मार्गाने मुंबई, नाहीतर ताप्ती लाइनने सुरत. दोन्ही जुनी बंदरं आहेत, दोन्हींचा जुना भाग गाडीतून नाही तर पायी बघण्यासारखा आहे आणि दोन्हीकडे घामाने जीव नकोसा होतो. मार्च ते ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर मुंबईचा फोर्ट भाग निवडा. सुरत बघायची तर डिसेंबर ते फेब्रुवारीत. नंदुरबारहून सुरत जवळ आहे, एवढ्याच कारणासाठी मे महिन्यात ती पायी बघायला निघू नका. कारणं पुढे दिली आहेत.

पारा कमी, त्रास जास्त

मे महिन्यात जळगाव-भुसावळात ४३-४४ अंश म्हणजे नेहमीचंच. त्यामुळे मुंबईचे ३३ अंश ऐकून आपल्याकडच्या माणसाला ते काहीच वाटत नाहीत, आणि हिशेब इथेच चुकतो. अंग गार होतं ते घाम आल्याने नाही, घाम वाळल्याने. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला की पारा उतरतो आणि एका ठिकाणी थांबतो. घाम वाळून अंग जास्तीत जास्त किती गार होऊ शकेल, त्याची ती हद्द. जळगावात ४३ अंश तापमान आणि १८ टक्के आर्द्रता असेल तर ही हद्द २४ अंशांच्या जवळपास येते. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला ती २८ च्या वर जाते. म्हणजे हवा दहा अंशांनी थंड असूनही अंग थंड व्हायला वाव कमी. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर जळगावात खोली गार करतो, तोच मुंबईत लावला तर खोली नुसती ओलसर होते. अंगाचंही तेच होतं.

आपल्याकडे घाम दिसायच्या आत वाळतो, सदऱ्यावर मिठाचे पांढरे वळ तेवढे राहतात. मुंबई-सुरतेत तो ठिबकतो. ठिबकून पडलेला घाम अंग गार करत नाही, पाणी आणि मीठ मात्र घेऊन जातो. त्यात रात्रही उतारा देत नाही. पहाटे पाचला हवा दिवसातली सगळ्यात कमी गरम असते, पण आर्द्रता सगळ्यात जास्त. तरीही चालायला पहाटच चांगली, कारण डोक्यावर ऊन नसतं.

आपल्या काही सवयी तिथे उलट्या पडतात. डोकं, कान, मान रुमालाने घट्ट बांधून घेणं हे आपल्याकडे अगदी बरोबर आहे. आपल्याकडची हवा अंगापेक्षा गरम असते, म्हणून झळ लागू द्यायची नसते. मुंबईत हवा कातडीपेक्षा थोडी थंड असते, तेव्हा मानेला आणि कानांना वारा लागायला हवा. रुमाल सोडा आणि छत्री घ्या, काळ्या कापडाची असली तरी चालेल. जाड खादीचा सदरा घाम पितो, जड होतो आणि दिवसभर ओलाच राहतो. विरळ विणीचं पातळ सुती किंवा खेळाडू घालतात तसं लवकर वाळणारं कापड बरं. एक सदरा आणि मोज्यांचा एक जोड पिशवीत जास्तीचा ठेवा आणि दुपारी बदला. मांड्या आणि काखा घासून सोलवटतात तिथे निघण्यापूर्वीच व्हॅसलीन लावा. सोलवटल्यावर लावून उपयोग नाही, त्या दिवसाचं चालणं तिथेच संपतं.

मुंबई: फोर्ट

दमट हवेत फोर्टइतकी चालण्याजोगी जागा आसपासच्या कुठल्याच मोठ्या शहरात नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याचं श्रेय दादाभाई नौरोजी मार्गाच्या कमानींना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या रस्त्यावर इमारती उभ्या राहिल्या तेव्हा तळमजल्यावर छत असलेला पादचारी मार्ग ठेवणं बंधनकारक होतं. त्यामुळे सीएसएमटीपासून हुतात्मा चौकापर्यंतच्या जवळपास एक किलोमीटरमधला बराचसा रस्ता सावलीतून आणि पावसातही कोरड्याने पार होतो. कमानी नाहीत तिथे सकाळी पूर्वेकडचा फुटपाथ धरा. स्टेशनकडून दक्षिणेला जाताना तो डाव्या हाताला येतो आणि इमारतींची सावली त्याच बाजूला पडते. दुपारनंतर बाजू बदला.

रात्रीच्या गाडीने पहाटे उतरलात तर सामान क्लोकरूममध्ये टाका. बॅगेला कुलूप आणि हातात तिकीट असल्याशिवाय तिथे सामान घेत नाहीत, म्हणून छोटं कुलूप घरूनच न्या. साडेसहाला १८८८ साली पूर्ण झालेली स्टेशनची इमारत समोरून बघा, मग कमानींखालून हुतात्मा चौक. तिथून उजवीकडे वळून आधी ओव्हल मैदान उरका, कारण तिथे सावली नाही आणि साडेआठनंतर उन्हाचा चटका बसतो. मैदानाच्या एका बाजूला १८७८ चा राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको शैलीतल्या, म्हणजे १९३०-४० च्या सुमाराच्या, घरांची रांग. हा सगळा समूह २०१८ साली जागतिक वारसा यादीत आला. सकाळी टॉवरच्या मागून ऊन येतं, त्यामुळे फोटो काळपट निघतात. फोटोसाठी संध्याकाळी पाचनंतर पुन्हा एक फेरी मारावी लागेल.

ओव्हलहून परत चौकात येऊन हॉर्निमन सर्कल. तिथली झाडं, १८३३ च्या टाऊन हॉलच्या तीस पायऱ्या आणि जवळच १७१८ चं सेंट थॉमस कॅथेड्रल. उंच छत आणि जाड भिंती यांमुळे आत बाहेरच्यापेक्षा बरंच सुसह्य वाटतं, पंधरा मिनिटं शांतपणे बसा. नाश्ता इथेच करावा, पण एकावर एक तीन वडापाव नकोत. तेलकट आणि भरपेट खाऊन दमट हवेत चाललं की मळमळतं. इडली, पोहे, केळी चालतील.

दहानंतर काळा घोडा, तिथून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. दिवसाचे सगळ्यात वाईट तास, म्हणजे अकरा ते तीन, इथे घालवा. समोरच्याच पट्ट्यात जहांगीर कलादालन आहे, तिथे तिकीट नाही. एसी दालनातून बाहेर येताच चष्मा आणि कॅमेऱ्याची काच धुरकट होते. ती पुसत बसू नका. कॅमेरा दहा मिनिटं बंद पिशवीत राहू द्या, काच आपोआप साफ होते. गेटवे संग्रहालयापासून दहा मिनिटांवर आहे, पण तिथलं आवार उघडं, म्हणून चारनंतरच. मरीन ड्राइव्हला सूर्य मावळल्यावर जा. साडेतीन किलोमीटरच्या त्या रस्त्यावर दुपारी सावलीचा ठिपका नसतो, संध्याकाळी मात्र समुद्राचा वारा थेट अंगावर येतो. मरीन ड्राइव्ह सोडून हा सगळा फेरा चारेक किलोमीटरचा होतो.

उणं काय, तर आठवड्याच्या दिवशी साडेदहानंतर कमानींखाली विक्रेते आणि ऑफिसची गर्दी मिळून वाट अरुंद होते, वारा अडतो. म्हणून रविवार उत्तम. रस्ते मोकळे असतात, काही खाण्याची ठिकाणं मात्र बंद मिळतात. जुलैत जाणार असाल तर कॅनव्हासचे बूट नेऊ नका. ते दोन दिवस वाळत नाहीत आणि पायाच्या बोटांत चिखल्या होतात. पकड असलेली सँडल घाला.

सुरत: चौक आणि जुनं शहर

बघण्यासारखं सुरतेत कमी नाही. तापीकाठचा सोळाव्या शतकातला किल्ला महापालिकेने दुरुस्त करून संग्रहालयासारखा मांडला आहे. जवळच १६४४ ची मुघल सराई आहे, हजच्या यात्रेकरूंसाठी बांधलेली. महापालिकेचं मुख्य कार्यालय आज त्याच वास्तूत आहे. गोपीपुऱ्यात जुनी लाकडी घरं आणि देरासरं, म्हणजे जैन मंदिरं. मराठी माणसाने चुकवू नये अशी जागा म्हणजे कतारगाम दरवाज्याजवळची इंग्रजांची दफनभूमी. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा आपली वखार वाचवत बसलेला इंग्रज वखारप्रमुख जॉर्ज ऑक्सेंडन इथे पुरला आहे. त्याची कबर आपल्या डोळ्यांसमोरच्या कबरीसारखी नाही, घुमटांची आणि खांबांची दुमजली हवेलीच वाटते. त्या काळच्या सुरतेत पैसा किती होता ते या एका बांधकामावरून कळतं. डचांची दफनभूमीही त्याच भागात आहे.

अडचण आहे ती अंतरांची आणि सावलीची. स्टेशनपासून चौक, म्हणजे किल्ल्याजवळचा भाग, तीनेक किलोमीटर, चौकापासून दफनभूमी आणखी दीड-दोन. मधल्या राजमार्गावर फोर्टसारख्या सलग कमानी नाहीत, भागळच्या बाजारात दुचाकींमुळे फुटपाथ सोडून चालावं लागतं, आणि मेट्रोचं भुयारी काम पूर्ण होईपर्यंत पत्र्यांना वळसे घालावे लागतात. मे महिन्यात पारा ३६-३७ च्या आसपास, म्हणजे मुंबईपेक्षा जास्त. आणि समुद्र वीसेक किलोमीटर लांब, त्यामुळे वाऱ्याचा आधार कमी. गोपीपुऱ्याच्या अरुंद गल्ल्यांत दहापर्यंत बरी सावली असते. म्हणून सुरत एका दमात चालू नका. सकाळी सात ते दहा किल्ला, सराई आणि गोपीपुरा पायी. संध्याकाळी रिक्षाने कतारगाम दरवाजा. दुपार खोलीवर.

सुरतेच्या बाजूने सांगण्यासारखंही बरंच आहे. रस्ते स्वच्छ आहेत, २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरसोबत पहिली आली होती. राहणं मुंबईपेक्षा स्वस्त. उधना, लिंबायत, दिंडोली भागांत खान्देशी माणसं इतकी आहेत की अहिराणीत पत्ता विचारला तरी चालतो. हिवाळ्यात तापीकाठी पोंक मिळतो. आपला हुरडाच तो, पण शेव आणि चटण्यांबरोबर खाण्याची सुरती तऱ्हा वेगळी. ताप्ती लाइनच्या बऱ्याच गाड्या सुरत स्टेशनपर्यंत न जाता उधन्यालाच थांबतात, तिकिटावर नाव नीट बघा. उधन्याहून चौक पायी जाण्याइतका जवळ नाही, रिक्षा किंवा सिटीबस घ्या.

पावसाळ्यात एक गोष्ट खान्देशच्या माणसाला सुरतकरांआधी कळते. तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की ते पाणी खालच्या उकाई धरणाकडे निघालेलं असतं, आणि उकाईतून विसर्ग वाढला की सुरतेचा नदीकाठ चालण्याजोगा राहत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये तर शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता. अशा बातमीच्या आठवड्यात जाणं पुढे ढकला.

पाणी, मीठ आणि थांबण्याची वेळ

हे दोन्ही शहरांना सारखंच लागू. चालताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट. नुसतं साधं पाणी ढसाढसा प्यायलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस आणखी पाणी पितो. म्हणून दोन तासांहून जास्त चालणार असाल तर एक बाटली मीठ-साखरेची असू द्या: एक लिटर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ याहून वाढवू नका. मुंबईत नारळपाणी, सुरतेत मीठ घातलेली छाश कुठेही मिळते. उसाचा रस बिनबर्फाचा घ्या. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मीठ आणि पाणी किती घ्यायचं ते आधी डॉक्टरांना विचारा.

शिदोरीत दुधातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिवसभर टिकतात. भरीत नेऊ नका, या हवेत दुपारपर्यंत आंबतं.

चाळीस मिनिटं चालणं, पंधरा मिनिटं पंख्याखाली बसणं, हा बेत मोडू नका. पायात गोळे, चक्कर, गार चिकट अंग, उलटीची भावना यांपैकी काही आलं की त्या दिवशीचं चालणं बंद. सावलीत आडवं करा, पाय उंच ठेवा, ओल्या फडक्याने अंग पुसत वारा घाला. या हवेत वारा नसेल तर ओलं फडकं जवळपास निरुपयोगी ठरतं. माणूस बरळायला लागला, उत्तर नीट देत नाही किंवा शुद्ध हरपते आहे असं दिसलं तर तो उष्माघात समजा. तोंडात पाणी ओतू नका, अंगावर भरपूर पाणी टाकत राहा आणि १०८ ला फोन करा. हा क्रमांक महाराष्ट्रात आणि गुजरातेत दोन्हीकडे चालतो.

कोणी काय निवडावं

सोबत साठीपुढचे आई-वडील असतील तर मुंबई. दर अर्ध्या किलोमीटरवर बसायला छत आहे आणि कुठूनही टॅक्सी करून पाच-दहा मिनिटांत स्टेशन गाठता येतं. बायकांच्या दृष्टीने मुंबईत स्टेशन आणि संग्रहालय ही स्वच्छतागृहाची दोन भरवशाची ठिकाणं आहेत. सुरतेत जुन्या शहरात शिरण्यापूर्वीच ती सोय उरकून घ्यावी, कारण लघवी लागू नये म्हणून पाणी कमी पिणं हेच दमट हवेत अंगाशी येतं. एकच दिवस हाताशी असेल तर जळगाव-चाळीसगावकडच्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊन रात्रीच्याच गाडीने परतावं, खोलीचा खर्च वाचतो. नंदुरबार-दोंडाईचाकडच्यांना जानेवारीत सुरत सकाळी जाऊन रात्री घरी येण्याजोगी आहे. धुळेकरांना रस्त्याने सुरत मुंबईपेक्षा सुमारे शंभर किलोमीटरने जवळ पडते, तरी वर सांगितलेले महिने त्यांनीही पाळावेत.

आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन्ही जमणार नसतील तर भुसावळहून तासाभरावरचं बऱ्हाणपूर बघा. फारुकी सुलतानांच्या काळातली ही खान्देशची राजधानी. जामा मशिदीतला संस्कृत शिलालेख, तापीकाठचा शाही किल्ला आणि त्यातला रंगीत छताचा हमाम सकाळच्या तीन तासांत पायी होतात. पाऊस ओसरल्यावर तिथली हवा मुंबई-सुरतेपेक्षा लवकर कोरडी होते.