कास्ट्रो कॅमेरा, ५७५ कास्ट्रो स्ट्रीट: फोटोसाठी दोन स्टार, बाकीचं खाली वाचा

आधीच सांगून टाकतो, हे दुकान बंद होऊन पन्नासेक वर्षं होत आलीत, त्यामुळे पत्ता वाचून कोणी लेन्स साफ करून घ्यायला जाऊ नका. तरी रिव्ह्यू लिहितोय कारण मी स्वतः बरीच वर्षं फोटो स्टुडिओच्या काउंटरमागे काढलीत, आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या या दुकानाचा मालक, हार्वे मिल्क, म्हणजे पुढे उघडपणे समलिंगी असूनही तिथला नगरसेवक झालेला आणि मारला गेलेला माणूस, याच्याबद्दल जो तो त्याच्या शेवटाचंच बोलतो, दुकानाचं कोणी बोलत नाही. माणूस निवडणुकीला उभा राहिला तो या काउंटरवरून, तर काउंटरचाही हिशोब व्हायला नको का?

सुरुवात एकदम ओळखीची आहे. १९७२ ला हा बाबा न्यूयॉर्क सोडून स्कॉट स्मिथ या आपल्या जोडीदाराबरोबर सॅन फ्रान्सिस्कोत आला. आधी नौदल, मग शाळेत मास्तरकी, मग वॉल स्ट्रीटवर नोकरी असं सगळं करून झालेलं, वय चाळिशीच्या पुढे, आणि दोघं जगत होते इन्कम टॅक्सच्या रिफंडवर. त्यात मिल्कने एका दुकानात धुवायला टाकलेला रोल त्या लोकांनी खराब करून ठेवला. आता रोल खराब झाला की गिऱ्हाईक काय करतं ते मला विचारा, आरडाओरडा करतं, पैसे परत मागतं आणि पुन्हा तोंड दाखवत नाही. या दोघांनी काय केलं, तर उरलेले शेवटचे १,००० डॉलर घातले आणि मार्च १९७३ मध्ये स्वतःचंच कॅमेऱ्याचं दुकान टाकलं! धंद्याचा अनुभव शून्य. हजार डॉलरमध्ये तेव्हाही कॅमेऱ्याचं दुकान धड भरत नसणार हे मी पैजेवर सांगतो, म्हणजे रोल विका, रोल घ्या, बाहेरून धुवून आणा, एवढाच काय तो व्यवहार.

मालासाठी म्हणून दोन स्टार, तेही दया म्हणून.

बसायच्या जागेला मात्र पाच. पुढे एक जुना सोफा टाकलेला, त्यावर गल्लीतलं कोणीही येऊन बसायचं, बोलायचं, निघून जायचं, काही घेतलंच पाहिजे असं नाही. आणि इथे धंद्यातली एक गोष्ट सांगतो जी फोटोवाल्यालाच कळेल. किराणावाल्याकडे माणूस येतो, सामान घेतो, जातो. आमच्याकडे रोलमागे दोन फेऱ्या, एकदा द्यायला आणि एकदा न्यायला, मध्ये चार दिवस, आणि नेताना फोटो तिथेच उघडून बघायचे, हा कोण, ती कोण, यांचं लग्न कधी झालं, हे घर सोडलं का, का सोडलं, घरमालकाने काढलं का, पोलिसांनी परत त्रास दिला का. माझ्याकडे पासपोर्ट फोटोला आलेला माणूस खुर्चीवर हनुवटी वर करून बसल्या बसल्या ऑफिसातलं सगळं सांगून मोकळा व्हायचा आणि मी नुसतं हं हं करायचो. मिल्क हं हं करणाऱ्यातला नव्हता एवढाच फरक, पण तो फरक फार मोठा आहे.

म्हणजे बघा, दुकान उघडून थोडे दिवस होतात न होतात तोच एक सरकारी माणूस आत आला की विक्रीकरापोटी १०० डॉलर डिपॉझिट भरा. उघडायलाच हजार लागले, त्यातले शंभर हा मागतोय, माल विकायच्या आधी. दोघांची दुकानातच जुंपली. पण गंमत पुढे आहे, आपण असतो तर शिव्या घालून भरून टाकले असते, हा पठ्ठ्या कित्येक आठवडे सरकारी ऑफिसांच्या पायऱ्या झिजवत राहिला आणि डिपॉझिट ३० डॉलरवर आणून सोडलं. सत्तर डॉलरसाठी एवढा वेळ घालवणं हे धंद्याच्या हिशोबात मूर्खपणाचं आहे, मी माझ्या हेल्परला हाकललं असतं. पण तिथेच त्याच्या लक्षात आलं असणार की ओरडलं तर आकडा हलतो.

मग एक दिवस एक शाळामास्तर आला, प्रोजेक्टर उसना मिळेल का विचारायला, कारण शाळेतली यंत्रं चालतच नाहीत. पैसे कमी पडतात म्हणून दुकानदाराकडून कर घेतात आणि तरी शाळेत प्रोजेक्टर नाही! त्याच उन्हाळ्यात टीव्हीवर वॉटरगेटची, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या माणसांच्या भानगडीची, चौकशी चालू होती, माजी अ‍ॅटर्नी जनरल जॉन मिचेल प्रत्येक प्रश्नाला आठवत नाही आठवत नाही म्हणत होता, आणि मिल्क इतका भडकला की टीव्हीला लाथ घालू नये म्हणून मित्रांना त्याला धरावं लागलं. बस, त्याच वर्षी माणूस बोर्ड ऑफ सुपरवायझर्ससाठी उभा. नावावर जाऊ नका, सुपरवायझर म्हणजे तिथला नगरसेवक, एकूण अकरा असतात.

मला यातलं काय आवडतं, तर यात कुठेही लहानपणापासून समाजसेवेची आवड वगैरे नाही. डिपॉझिट, प्रोजेक्टर आणि टीव्ही. पैकी दोन गोष्टी तर काउंटरवरच चालत आल्या.

उमेदवार म्हणून पहिल्या वर्षीची सर्व्हिस कच्ची होती. केसांची शेपटी, दाढी, ओळख कोणाशी नाही, आणि शहरातल्या जुन्या समलिंगी पुढाऱ्यांनाही हा आगाऊ वाटायचा, कालचा आलेला आणि लगेच तिकीट मागतोय टाइप. एका खोक्यावर ‘सोप’ लिहायचं, कारण तिकडे रस्त्यावर भाषण द्यायच्या खोक्याला सोपबॉक्स म्हणतात, आणि त्यावर उभं राहून भाषण ठोकायचं. ३२ उमेदवारांत दहावा आला. वाईट नाही हो! पण तेव्हा निवडणूक अख्ख्या शहराची एकत्र व्हायची, आणि एका गल्लीतल्या दुकानदाराला अख्खं शहर कशाला ओळखेल.

पुढची दोन-तीन वर्षं मला सगळ्यात भारी वाटतात कारण त्यात त्याने निवडणूक कमी आणि दुकानदारी जास्त केली, म्हणजे स्वतःची नाही, गल्लीची. दोन समलिंगी माणसांना अँटिक वस्तूंचं दुकान काढायचं होतं तर जुन्या व्यापारी संघटनेने लायसन्स मिळू नये म्हणून खटपट केली. मिल्क आणि बाकीच्यांनी कास्ट्रो व्हिलेज असोसिएशन उभी केली, हा अध्यक्ष. १९७४ च्या ऑगस्टमध्ये रस्त्यावर कास्ट्रो स्ट्रीट फेअर भरवली, पाच हजारांवर लोक आले, आणि विरोध करणाऱ्या जुन्या दुकानदारांपैकी काहींचा त्या दिवशी आजवरचा सगळ्यात मोठा गल्ला जमला. आता बोला! भाषणाने जे झालं नसतं ते एका दिवसाच्या विक्रीने झालं. तसंच कूर्स बिअरचं. ट्रकड्रायव्हरांच्या युनियनला कूर्सवर बहिष्कार हवा होता, त्यांचे पुढारी अ‍ॅलन बेअर्ड मिल्ककडे आले, मिल्कने समलिंगी बारवाल्यांना ती बिअर ठेवू नका म्हणून पटवलं आणि बदल्यात युनियनकडून मागितलं की आमच्या पोरांना ड्रायव्हरची कामं द्या. तुमचं काम मी करतो, माझं तुम्ही करा, रोख व्यवहार. १९७५ ला पुन्हा उभा राहिला तेव्हा युनियनवाले त्याच्या मागे होते ते यामुळे.

त्या वेळेला त्याने शेपटी कापली, सूट घातला, गांजा सोडला. सकाळी कामावर जाणाऱ्या गाड्यांना दिसावं म्हणून मार्केट स्ट्रीटच्या कडेने माणसं बोर्ड धरून उभी केली, जाहिरातीच्या पैशाची बचत. जागा सहा, हा सातवा. मेयर मोस्कोनींनी १९७६ ला परमिट अपील बोर्डावर, म्हणजे परवान्यांवरची अपिलं ऐकणाऱ्या मंडळावर, घेतलं, तिथे पाच आठवडे टिकला कारण लगेच विधानसभेला उभा राहिला, आणि चार हजारांहून कमी मतांनी आर्ट अ‍ॅग्नोसकडून पडला. तीनदा पडलेला दुकानदार. आपल्या घरच्यांनी एव्हाना शटरला कुलूप लावलं असतं.

मग नियम बदलला. १९७६ च्या नोव्हेंबरात मतदारांनी वॉर्डवार निवडणूक मंजूर केली, आणि १९७७ मध्ये पाचव्या वॉर्डात, म्हणजे जिथे त्याचं दुकान, सोफा आणि सगळी गिऱ्हाइकं होती तिथेच, आणखी १६ जण समोर असताना ३० टक्के मतं घेऊन निवडून आला. मॅनेजर कोण तर अ‍ॅन क्रोनेनबर्ग, विशीतली पोरगी. मला कोणी विचारलं की तो का जिंकला तर मी वॉर्ड म्हणेन, शहर तेच, माणूस तोच, फक्त मोजायची हद्द दुकानाच्या गिऱ्हाइकांएवढी झाली. लोकांना हे फार रुक्ष वाटतं पण मतदारसंघाची रेघ कुठून जाते याच्यावर असल्या माणसांचं नशीब असतं.

निवडून आल्यावरची सर्व्हिस, चार स्टार. समलिंगी लोकांना नोकरीत-घरात भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा आणला, विरोधात मत पडलं ते एकाचंच. आणि कुत्र्याची घाण मालकाने उचलायची हा नियम, त्यासाठी ड्युबोस पार्कात पत्रकार बोलावले आणि चालता चालता चुकून पाय पडल्यासारखं केलं, प्रत्यक्षात तासभर आधी जाऊन नेमकी जागा शोधून ठेवलेली. फोटो कुठून चांगला येईल हे कॅमेरावाल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

आता कटू भाग. दुकान बुडालं. मालक कायम रस्त्यावर, स्मिथ काउंटर ओढतोय, आणि ज्या कास्ट्रो भागात यांनी गर्दी आणली त्याच गर्दीने जागेचा भाव चढला, घरमालकाने भाडं भरमसाठ वाढवलं आणि १९७८ मध्ये ती जागा सोडावी लागली. नगरसेवकाचा पगार वर्षाला ९,६०० डॉलर. याच्यात घर कोणाचं चालतं? त्याच बॅचमध्ये निवडून आलेला डॅन व्हाइट, ते एक विरोधी मत त्याचंच, त्याला दोन सरकारी पगार घेता येत नाहीत म्हणून आगीच्या बंबावरची नोकरी सोडावी लागली आणि पोटासाठी त्याने पिअर ३९ या धक्क्यावरच्या बाजारात बटाट्याचा स्टॉल टाकला. एकाचं दुकान निवडणुकीने खाल्लं आणि दुसऱ्याला निवडून आल्यामुळे दुकान काढावं लागलं. व्हाइटने १० नोव्हेंबर १९७८ ला राजीनामा दिला, मग परत मागितला, मोस्कोनी देईनात, आणि २७ नोव्हेंबरला सिटी हॉलमध्ये जाऊन त्याने दोघांनाही गोळ्या घातल्या, मोस्कोनींना आणि मिल्कला. त्याने ते फक्त पैशामुळे केलं असं मी म्हणत नाही, राग, मत्सर सगळंच होतं, पण असल्या पगारावर माणूस कसा राहणार हा प्रश्न तेव्हा कोणी नीट विचारला असता तर बरं झालं असतं. त्यावर कोणी दुकानदाराने अजून उत्तर दिलेलं मला दिसलं नाही, जो तो म्हणतो बघू निवडून आल्यावर.

जायचं असेल तर: कास्ट्रो स्टेशनातून वर आलं की त्याच्याच नावाचा प्लाझा लागतो, तिथून चालत. इमारत शहराने वारसा म्हणून नोंदवलेली आहे. मान वर करून बघा, वरच्या मजल्यावर तो राहायचा, तिथल्या खिडकीत त्याचं चित्र आहे, खाली वाकून बघतोय असं. २०१४ ला त्याचं तिकीट निघालं, म्हणजे पोस्टाचं. त्यावरचा फोटो दुकानात कामाला असलेल्या डॅनी निकोलेटाने दुकानासमोरच काढलेला. एवढा एक फोटो बघून फोटोसाठीचे स्टार दोनचे तीन करतोय.